मेलेल्या रेडिओवरचं नाटक

आमच्या शाळेतला रेडिओ एक वर्ष बोलला आणि मग मेला. मेला म्हणजे त्याची बॅटरी संपली. विटेएवढी मोठी बॅटरी लागायची त्याला, आणि ती खामगावलाही चटकन मिळत नसे. गावात वीज यायची होती. गुरुजींनी अर्ज केले, गावातल्या मोठ्या माणसांनी 'पाहू' म्हटलं, आणि रेडिओ टेबलावर तसाच बसून राहिला, डोक्यावर गुरुजींच्या बायकोने विणलेला रुमाल घेऊन. जिवंत होता तेव्हा आठवड्यातून दोनदा दुपारी नागपूरहून शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम लागायचा. गाणी, गोष्टी, कधी नाटक. नाटकात दार करकरलं की आम्ही चारही वर्गांची पोरं मागे वळून शाळेच्या दाराकडे बघायचो. दारात बहुतेक एखादी शेळी उभी असायची. आता माझ्या घरात टीव्ही-फोनचे तीन तीन पडदे आहेत, माणसं सारखी त्यांत दिसत असतात, पण दाराकडे वळून बघावं असं त्यातलं एकही माणूस बोलत नाही.

मी चौथी पास आहे, त्यापुढे नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे कोणी माझ्या लिहिण्यात शहाणपण शोधणार नाही. नात म्हणते, आजी, तू फोनमध्ये नुसतं बोल, तो आपोआप लिहितो. मी म्हटलं, मला लिहिता येतं. चार वर्षं शिकले ती काय फुकट का?

आम्ही देशमुख, म्हणजे नावाचे. शेत होतं, त्यातलं निम्मं बरड. पण चालीरीती सगळ्या मोठ्या देशमुखांच्या. बायकांनी ओट्यावर बसायचं नाही, पाहुणा आला की आत पळायचं. कुणब्यांच्या विधवा बाईचा पाट लागायचा, ती पुन्हा संसाराला लागायची. आमच्यात तसं नव्हतं. म्हणून आत्याबाई आमच्या घरी होती. बाबांची थोरली बहीण. बाबा तिला बाई म्हणत. सातव्या वर्षी तिचं लग्न झालं, आठव्या वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली आणि नवरा गेला. तेव्हापासून ती त्याच घरात, त्याच जात्यावर. मी नऊ-दहा वर्षांची होते तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पण पाखडायला, निवडायला तिच्यासारखं घरात कोणी नव्हतं. बोटांनी खडा शोधायची.

बाकीच्या घरांतून पहाटे जात्याबरोबर ओव्या ऐकू यायच्या. आमच्या घरातून पाढे. आत्याबाई दळताना पाढे म्हणायची. नुसते बे, तीन, चार नाहीत, तर पावकी, निमकी, दीडकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. जात्याच्या एका फेऱ्याला एक आकडा. औटकीला जातं जड व्हायचं, आवाज खाली जायचा, आणि वरच्या खोलीत गोधडीत पडल्या पडल्या मला कळायचं की आता पीठ होत आलं, माय चूल पेटवील. मला वाटायचं, सगळ्यांच्या आत्या असंच करत असतील. तिला अक्षर येत नाही आणि पाढे येतात, हे विचित्र आहे, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. घरातल्या माणसाबद्दल कोण विचार करतं?

रेडिओ बंद पडल्यावर आम्ही फार भुणभुण लावली, तेव्हा सपकाळ गुरुजी एक दिवस म्हणाले, "बॅटरी येईल तेव्हा येईल. तोवर आपणच रेडिओ होऊ." सपकाळ गुरुजी वाशीमकडचे, उंच, वाळके, सायकलवाले. त्यांनी सांगितलं, प्रत्येकाने घरी जायचं, म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की तुम्ही लहान असताना गाव कसं होतं, काय नव्हतं जे आता आहे. त्याचं आपण नाटक करू. रेडिओ टेबलावर ठेवायचा, त्याच्यामागे सतरंजी बांधायची, आणि सतरंजीमागून आपण बोलायचं. गावाला ऐकायला बोलवायचं.

ते दिवस तुरीच्या शेंगांचे होते. संध्याकाळी मोठ्या भगुण्यात मीठ घालून शेंगा उकडायच्या आणि सगळ्यांनी भोवती बसून खायच्या. त्या वासाची आठवण मला अजून येते, तुरी तशा मिळत नाहीत असं नाही, भोवती बसणारी माणसं मिळत नाहीत. मी आत्याबाईजवळ सरकले.

"आत्याबाई, तू लहान होती तवा काय नव्हतं जे आता हाये?"

"मोतीबिंदू," ती म्हणाली.

"तसं नाही व. शाळेचं सांग."

"शाळा कुठी होती? मारुतीच्या देवळात पंतोजी पोरायले शिकवे. मी देवळाच्या मांगं गोवऱ्या थापो. भिंतीच्या इकडून मी, तिकडून पोरं. ते म्हनत, मी ऐको. हात थापत राहे, तोंड म्हनत राहे."

"म्हनून तुले पाढे येतात?"

"मंग काय सासऱ्यानं शिकवले? एक डाव औटकी चालू होती. सात औटं कोनाले येईना. पंतोजी छडी आपटून राह्यला. मले राहवलं नाही. मी इकडूनच म्हटलं, साडेचोवीस."

"मंग?"

"मंग तो भायेर आला. पाह्यलं त मी, कोपरापर्यंत शेनानं भरलेली. त्यानं तुह्या आज्याले जाऊन सांगतलं. बापड्यानं कौतुकानंच सांगतलं. दुसऱ्या दिवसापासून माह्या गोवऱ्या घराच्या मांगं."

"आज्यानं मारलं?"

"नाही व. काऊन मारंन? जागा बदलली." आणि तिने शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले.

नवऱ्याबद्दलही मी विचारलं, कसा होता म्हणून. ती म्हणाली, "काळा होता. अन् मांडवात रडत होता."

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. बाकीच्यांनीही सांगितलं होतं, मोटार नव्हती, कंदील नव्हते, वाघ यायचा. गुरुजींनी माझं ऐकलं आणि बराच वेळ वहीत खाली मान घालून लिहीत राहिले. नाटक आत्याबाईचंच ठरलं, नाव बदलून. मुलगी मी. पंतोजी झाला पाटलांचा गुणवंता, कारण त्याचा आवाज फुटला होता. आणि नागपूर झाली जैतून. जैतून म्हणजे कापूस पिंजणाऱ्या चाँदभाईंची मुलगी, माझ्या पाटीला पाटी लावून बसणारी. तिच्या घरी दुसरी बोली, गावात आमची बोली, पण रेडिओवरच्या बाईचं बोलणं तिने असं उचललं होतं की डोळे मिटले तर नागपूरच. "आता ऐका, शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम," असं म्हणताना ती हनुवटी वर करायची आणि एक डोळा बारीक करायची. तसं का करायची ते तिलाही माहीत नव्हतं.

मला आधी गुरुजींनी पुस्तकी भाषा दिली होती. "मला राहवले नाही." दोन दिवस मी तसं म्हटलं, मग त्यांनीच कान झाकले. "तुझी आत्या जशी बोलते तसंच बोल," म्हणाले. शेणाच्या थापण्याचा आवाज ओल्या मातीचा गोळा पाटीवर थापून काढायचा ठरला. शेवट मात्र गुरुजींनी वेगळा लिहिला. त्यांच्या नाटकात पंतोजी मुलीला देवळात बोलावून घेतो आणि मुलांबरोबर बसवतो. मी म्हटलं, "गुरुजी, असं झालं नव्हतं." ते म्हणाले, "मला माहीत आहे. पण झालं असतं तर कसं ऐकू आलं असतं, तेवढं लोकांना ऐकू दे." आणि अगदी शेवटी जैतूनने नागपूरच्या आवाजात सांगायचं होतं की पालकांनी चौथी झाली म्हणून मुलींना घरी बसवू नये, पुढे पाचवीला घालावं.

कारण आम्हा दोघींची ती चौथी होती. गावची शाळा तिथे संपायची. पाचवी पिंपळगाव राजाला, दोन कोस, मध्ये नाला. जैतूनच्या बापाने तिला घालायचं ठरवलं होतं, तिचा मामा पिंपळगावला होता. माझ्याबद्दल घरात काही बोलणंच नव्हतं. म्हणजे नाही असंच होतं. मला पाचवीत जायचं होतं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मला जैतूनच्या पाटीला पाटी लावून बसायचं होतं, एवढंच असेल. बाबांनी नाटकाला परवानगी दिली ती एकच प्रश्न विचारून; नाटक कसलं, कधी, ते विचारलं नाही. "तू दिसनार नाही ना?" मी म्हटलं नाही. "मंग कर."

नाटकाच्या दिवशी बाबा कापसाची गाडी घेऊन खामगावला गेले होते. धाकट्या भावाला ताप होता म्हणून माय घरीच. आत्याबाईला हाताला धरून मीच घेऊन गेले. तिला मी नाटकाचं काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "चाल, शाळेत रेडिओ लागनार हाये आज." मला गंमत करायची होती. माझा आवाज ओळखून ती हसेल, असं माझ्या मनात होतं. शाळेच्या दारात तिने थांबून भिंतीवरून हात फिरवला, आतल्या बाजूने. "अशी असते काय शाळा अंदरून," म्हणाली. मी तिला बायकांत गोणपाटावर बसवलं आणि सतरंजीमागे पळाले.

नाटक कसं झालं ते मला माहीत नाही. सतरंजीमागे धूळ फार होती आणि गुणवंताच्या तोंडाला मुळ्याचा वास येत होता. एवढं आठवतं की "साडेचोवीस" म्हटल्यावर बाहेर एकदम शांत झालं आणि एक बाई "अगं बाप्पा" म्हणाली. इतकी माणसं माझं ऐकत गप्प बसली, असं त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. चार मुलं वाढवली, सुना आणल्या, सगळ्यांना ओरडून सांगावं लागलं.

घरी येताना मारुतीच्या देवळाजवळ आत्याबाई म्हणाली, "नागपूरले कोनं सांगतलं असंन व?" मला वाटलं चेष्टा करते. मी हसले. ती पुढे म्हणाली, "पोट्टी हुशार होती पन. आवाज कसा खनखनीत." मग माझ्या ध्यानात आलं की ही खरंच समजून बसली आहे. ती आधी कधी रेडिओच्या समोर बसलीच नव्हती, लांबूनच ऐकायची. बॅटरी असते, ती संपते, हे तिला कोण सांगणार? मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कौतुक ऐकायला गोड लागत होतं, म्हटलं अजून थोडं ऐकू.

बाबा दिवस मावळताना आले, खुशीत. कापूस बरा गेला होता. सोबत रेवड्या आणल्या होत्या. हातपाय धुऊन जेवायला बसले, पानात कण्या आणि ताक, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. बाबा जेवत असताना आत्याबाई कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"नारायण, कौसीले पाचवीत घाल."

बाबांनी वर बघितलं. "हे कुठून निंघालं आता?"

"सरकारचा हुकूम हाये. रेडिओवर सांगतलं."

"कवा?"

"आज दुपारी. शाळेत. अन् आपल्या गावचंच सांगतलं. मारुतीच्या देवळाचं. माहंच होतं ते, नाव नाही घेतलं फक्त."

बाबा रेडिओला मानत, आणि शाळेत बॅटरी आली असेल असंच त्यांना वाटलं. कापसाचा भाव, लढाई, पाणी, जे रेडिओ म्हणाला ते सरकार म्हणालं. त्यांनी हातातला घास पानात ठेवला. आत्याबाईने त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, लुगडंसुद्धा माय सांगायची तेव्हा यायचं. मग म्हणाले, "पिंपळगाव दोन कोस हाये. नाला हाये. सोबत कोन?"

बाबांना नाही म्हणायचं असलं की ते एका शब्दात म्हणत. सोबत कोण, म्हणजे निम्मं हो. मायने चुलीजवळून माझ्याकडे बघितलं.

"चाँदभाईची पोट्टी जाते," आत्याबाई म्हणाली.

"पाहू. उद्या मास्तरले इचारतो."

इथे मी गप्प बसायचं होतं. एवढंच काम होतं माझं. पण आत्याबाई बोलण्याच्या भरात म्हणाली, "ते पोट्टी त अशी बोलली नारायण, वाटलं का मीच बोलून राह्यली. एवढी हुशार पोट्टी कोनाची असंन, देव जाने!"

"आत्याबाई, ते मीच होती!" मी उठून उभी राहिले. आणि नुसतं सांगून थांबले नाही, त्याच आवाजात "सात औटं साडेचोवीस" म्हणून दाखवलं.

"म्हंजे?" बाबा म्हणाले.

"रेडिओ त बंद हाये ना बाबा. बॅटरी कुठी हाये? आमी सतरंजीच्या मांगून बोलत होतो. जैतून नागपूर झाली होती."

बाबांना ठसका लागला. पाणी प्यायले आणि मग हसत सुटले, मांडीवर हात मारून. "बाई! पिंजाऱ्याच्या पोट्टीनं हुकूम काढला तुह्या सरकारचा!" माय तोंड वळवून हसली. माझा तापातला भाऊसुद्धा हसला. मीही हसले. हसले, खोटं कशाला सांगू.

आत्याबाई हसली नाही. तिने विचारलं, "मंग ते देवळाचं, औटकीचं, ते खोटं होतं काय?"

"ते तूच सांगतलं असंन हिले."

"हाव. मीच सांगतलं."

"मंग तुह्याच बोलन्यावर मी पोट्टीले दोन कोस धाडू काय व?" बाबा म्हणाले, आणि मायपुढे कण्यांसाठी पान सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात ते झालं. बाबा वाईट नव्हते, त्यांना हसू आवरत नव्हतं, म्हणून त्यांनी चार ठिकाणी सांगितलं. विहिरीवर बायका विचारायच्या, "आत्याबाई, नागपूर काय म्हनते आज?" ती म्हणायची, "तुह्या सुनेचे पाय भारी हायेत म्हनते." तोंडाला हार जाणारी नव्हती. पण पुन्हा कधी कशासाठी तिने बाबांच्या जेवणात तोंड उघडलं नाही. गुरुजी एकदा माझ्या पाचवीचं बोलायला सायकल घेऊन घरी आले. मी दाराआड उभी. बाबांनी चहा पाजला आणि गुरुजींनी घसा साफ केला तेव्हा म्हणाले, "मास्तर, नाटक झकास केलं म्हनते तुमी," आणि हसले. गुरुजी कप ठेवून गेले.

मुलगी म्हणते, आई, दुसऱ्या दिवशी आजोबांना कळलंच असतं ना, मग तुझं काय चुकलं? मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण बाबा विचारायला जाणार होते ते सपकाळ गुरुजींना. गुरुजी शहाणे होते. आत्याबाईचा शब्द त्यांनी खाली पडू दिला नसता. 'हो, वरून तसं आहे,' म्हणाले असते, आणि तसं बोलले असते तर फार खोटंही ठरलं नसतं. त्यांच्यापर्यंत गोष्ट जाऊच दिली नाही मी.

मृग लागला, पेरण्या सुरू झाल्या, शाळा उघडल्या. त्या सकाळी आत्याबाई आणि मी पडवीत बियाण्याची ज्वारी निवडत बसलो होतो. पिंपळगावला जाणारी मुलं घरावरून गेली. जैतून दाराशी थांबली, नवीन परकर, डोक्याला तेल. "कौसा, येत नाही?" म्हणाली. मी म्हटलं, "जा तू." ती एक डोळा बारीक करून हनुवटी वर करणार होती, पण केलं नाही, पळत मुलांना गाठायला गेली. पुढे ती जळगावकडे दिली म्हणतात. मला पुन्हा भेटली नाही.

"कोन कोन गेलं व?" आत्याबाईने विचारलं.

मी सांगितलं. गुणवंता, आणखी तीन मुलं, जैतून.

ती थोडा वेळ सुपातून बोटं फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "तो पंतोजी काय म्हनते व नाटकात, आखरीले? ते एक डाव म्हन बरं."

मला राग आला होता. कोणाचा, ते कळण्याइतकी मी मोठी नव्हते. समोर ती होती. मी म्हटलं, "ध्यानात नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि एक खडा उचलून पडवीबाहेर टाकला.

चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं. आत्याबाई त्यानंतर पाच वर्षं होती. ती गेली तेव्हा मी बाळंतीण होते, कोणी जाऊ दिलं नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन म्हटलं नाही.

ध्यानात होतं सगळं. पंतोजी बाहेर येतो, तिचे शेणाचे हात बघतो आणि म्हणतो, "हात धू, आणि अंदर ये."